कुलूप शाबूत, वेळा चव्हाट्यावर: कोथरूडच्या एका सोसायटीचं प्रकरण

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४. रात्री पावणेदहाला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येऊन पडला. डाव्या कोपऱ्यात आमच्याकडे घरकाम करणाऱ्या संगीताताईंचा गोल फोटो. गेटवरच्या टॅबवर वॉचमनने घाईत काढलेला, त्यामुळे डोळे अर्धवट मिटलेले आणि मागे कुणाची तरी स्कूटर. खाली ऑक्टोबर महिन्याचं कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या चौकटीत हिरव्या अक्षरांत आत आल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या वेळा. ८.४१, १.३२. ८.३८, १.२९. चार मंगळवारांभोवती कुणीतरी बोटाने लाल गोल काढले होते आणि सोबत मजकूर होता: ‘पाच घरं, रोजचे चार तास पन्नास मिनिटं. म्हणजे घरटी ५८ मिनिटं. आपण पैसे दीड तासाचे देतो. आणि मंगळवारी ही मधेच कुठे जाते?’

ग्रुपमध्ये तेव्हा १८७ माणसं होती.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या करारावर २०२२ साली जी सही झाली, ती माझी. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, तेही पंचवीसएक वर्षं. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्ली नसलेल्याला माहिती वाचताच येऊ नये अशी ती बंद करण्याची विद्या, सगळ्यांच्या हातात आली की खासगीपण त्याच्या मागोमाग येईल, असं मी तरुणपणी मनापासून मानत होते. संगीताताईंच्या बाबतीत एन्क्रिप्शन कुठेही तुटलं नाही, एकाही टप्प्यावर नाही. तरीही त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट, जी त्यांनी सख्ख्या शेजारणीलाही सांगितली नव्हती, ती एका दिवसात त्यांच्या वस्तीपर्यंत पोचली. हे कसं झालं ते मला नीट मांडायचं आहे.

नाव अर्थातच बदललं आहे, घरांचे आणि विंगांचे तपशीलही बदललेत. लिहून झाल्यावर त्यांच्या घरी बसून सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी ‘हे नको’ म्हणाल्या, ते काढलं. कोर्टाचं मात्र ‘राहू द्या वैनी, चोरी थोडीच केलीय’ म्हणाल्या, म्हणून राहिलं.

वही आणि ॲप

आमची सोसायटी तीन विंगांची, ११२ फ्लॅटची. मूळ सभासद बरेचसे सत्तरीपुढचे, मुलं परदेशी नाहीतर बाणेर-हिंजवडीकडे, आणि तिसरा हिस्सा फ्लॅट भाड्याने. कोविडच्या आधी गेटवर जाडजूड वही असायची. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. ती कुणी वाचत नसे. भरली की ऑफिसातल्या कपाटावर, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत.

२०२२ मध्ये एका बंद फ्लॅटमध्ये चोरी झाली. पार्किंगमधल्या दोन सायकलीही गेल्या. कमिटीवर दबाव आला आणि आम्ही ॲप घ्यायचं ठरवलं. दाखवायला आलेला मुलगा चुणचुणीत होता. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, ‘आमची माहिती सुरक्षित राहील ना?’ तो म्हणाला, ‘सर, बँकेसारखं एन्क्रिप्शन आहे.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी त्यातली. मी मान डोलावली. मुलगा खोटं बोलत नव्हता.

पहिल्या आठवड्यात गेटवर १४३ जणांची नोंद झाली. धुणंभांडी करणाऱ्या, पोळ्यावाल्या, गाड्या पुसणारे, ड्रायव्हर, आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या, पेपरवाला, दूधवाला. प्रत्येकाचा फोटो, मोबाइल नंबर, आधारकार्डाची प्रत, कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम. प्रत्येकाला सहा आकडी कोड. कोड सांगितला की गेट उघडायचं आणि ‘संगीता आत आल्या’ असा निरोप पाचही घरांच्या फोनवर वाजायचा. ॲप घ्यायचा ठराव सभासदांनी केला. या १४३ जणांना कुणी काही विचारलं नाही. कामवाल्या बाईला विचारायचं असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही.

ॲपमध्ये काय काय दिसतं, तेही मी सही करताना पुरतं पाहिलं नव्हतं. कुठल्याही रहिवाशाने ‘घरकाम’ असं शोधलं की यादी येते. नाव, फोटो, घरांचे नंबर, मिळालेले तारे, कुठली वेळ मोकळी आहे ते, आणि महिन्याचं कॅलेंडर. ज्या घरात ती बाई पाऊलही टाकत नाही, त्या घरालाही हे सगळं दिसतं. खुद्द त्या बाईला काय दिसतं? कोडचा एक एसएमएस. बाकी काही नाही.

१९९६, फर्ग्युसन रस्ता

थोडं मागे जाते, कारण माझी चूक कुठे झाली ते तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ते आमच्यापर्यंत पोचलं, फोनच्या तारेवरून, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. एका मित्राने फ्लॉपीवर पीजीपी नावाचा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम आणला. फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने १९९१ मध्ये हा प्रोग्राम लिहून फुकट वाटला होता. आपली ईमेल ज्याला पाठवायची त्यालाच उघडता यावी, वाटेत दुसऱ्या कुणाला नाही, एवढंच त्याचं काम. किल्ली, म्हणजे कुलूप लावणारा-उघडणारा लांबलचक आकडा, तयार करताना प्रोग्राम सांगायचा, कीबोर्डवर काहीही टाइप करत राहा. दोन अक्षरांच्या मधे बोटं किती थांबतात, त्या बारीक वेळांतून तो अंदाज न लागणारे आकडे गोळा करायचा. पुरेसे झाले की ‘पुरे, धन्यवाद’ अशा अर्थाची ओळ यायची आणि कॉम्प्युटर टुंग वाजायचा.

मग किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी बत्तीस अक्षरं, कागदावर उतरवून आम्ही चौघं फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली हॉटेलात बसलो. ठसा समोरासमोर वाचून पडताळायचा असतो, नाहीतर वाटेत कुणी दुसऱ्याच किल्लीला आपलं नाव लावून ठेवलं तर कळणार कसं? शेजारच्या टेबलावरचे काका आमच्याकडे पाहत होते. मी ‘डी-डबा, बी-बदाम’ करत माझा ठसा वाचला. कॉफी गार झाली. त्या दिवशी काहीतरी मोठं हाती लागल्यासारखं वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

त्यामागचं गणित १९७६ चं. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं की एकमेकांना कधीही न भेटलेली दोन माणसं उघड्या तारेवर, सगळ्यांच्या देखत बोलून, फक्त दोघांना माहीत असेल अशी गुप्त किल्ली ठरवू शकतात. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी आपली पद्धत मांडली. तोवर गुप्तलेखन लष्कराच्या आणि वकिलातींच्या तळघरातली विद्या होती. ती आता कुणालाही शिकता येणार होती. एन्क्रिप्शनच्या जोरावर खासगीपण राखू पाहणाऱ्या, १९९२ पासून कॅलिफोर्नियात जमणाऱ्या सायफरपंक गटाची तर खात्रीच होती की गणित सरकारला जुमानत नाही. साध्या माणसाला त्यातून असं कुलूप मिळेल की जगातली सर्वांत बलाढ्य सत्ताही ते फोडू शकणार नाही.

सत्तांना ते कळलं होतं. अमेरिकेच्या कायद्यात ताकदवान एन्क्रिप्शन शस्त्रांच्या यादीत होतं. झिमरमनवर विनापरवाना निर्यातीच्या संशयावरून जवळपास तीन वर्षं चौकशी चालली, जानेवारी १९९६ मध्ये ती आरोप न ठेवता बंद झाली. मधल्या काळात पीजीपीचा सगळा प्रोग्राम पुस्तक म्हणून छापला गेला, कारण पुस्तक परदेशी पाठवायला बंदी नव्हती. पुण्याला निर्यातबंदीची ही तऱ्हा ओळखीची होती. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये, पीजीपी आलं त्याच वर्षी, परम ८००० हा महासंगणक तयार झाला. आमच्या कॉलेजात त्याचा अभिमान हवेत होता. बंदी घालणाऱ्यांना बुद्धीने उत्तर देता येतं, हे आम्ही पुण्यात बसून पाहिलेलं होतं.

१९९३ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर नावाची चिप पुढे केली. संभाषण गुप्त राहील, पण एक किल्ली सरकारच्या कपाटात. वर्षभरातच मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्यातली खोट दाखवून दिली आणि ती योजना बारगळली. आपल्याकडे इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या परवान्यात ४० बिटपेक्षा लांब किल्ली (जितके बिट जास्त, तितकं कुलूप भक्कम) परवानगीशिवाय वापरू नये असं कलम होतं, तर २००१ मध्ये रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगला किमान १२८ बिट मागत होती. असल्या विसंगतीतूनच हळूहळू वाट होत गेली.

आणि आशा फळाला आली. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सगळ्या संदेशांना आणि कॉलना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच उघडेल असं कुलूप, लावून पूर्ण केलं. वैशालीत आम्ही जो बत्तीस अक्षरांचा ठसा वाचला, त्याचाच वंशज आज प्रत्येक व्हॉट्सॲप संभाषणाच्या आत साठ आकड्यांच्या रूपात आहे. संगीताताईंची मुलगी नाशिकला नर्सिंग शिकते. रात्री दोघी एकमेकींना आवाजी निरोप पाठवतात. ते निरोप मधल्या मधे कंपनीही ऐकू शकत नाही. १९९६ मध्ये एका फ्लॉपीसाठी आम्ही गावभर हिंडलो होतो, आणि त्याहून भक्कम कुलूप आज कोथरूडच्या सुतारदरा वस्तीत राहणाऱ्या बाईच्या साध्या फोनमध्ये न मागता बसलेलं आहे. याला मी लहान गोष्ट म्हणणार नाही. ज्यांनी त्यासाठी चौकश्या आणि खटले सोसले, त्यांचं ऋण आहे आपल्यावर.

चार मंगळवार

स्क्रीनशॉटकडे परत येते. त्यात संगीताताईंचा एक शब्दही नव्हता. त्या कुणाशी काय बोलल्या, काय लिहिलं, काही नाही. नुसत्या वेळा. एरवी पावणेनऊला आत आणि दीडला बाहेर. मंगळवारी मात्र सव्वादहाला बाहेर, दोनला पुन्हा आत, साडेचारला परत बाहेर.

त्या शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जात होत्या, समुपदेशकांकडे. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलं होतं. कामाच्या घरी सांगितलं नव्हतं, कारण ‘घरात भानगड आहे’ असं कळलं की घरं सुटतात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. वस्तीत सांगितलं नव्हतं, कारण सासर तिथेच. काम बुडू नये म्हणून मंगळवारची दोन घरं उरकून जायच्या आणि परत येऊन तीन घरं करायच्या. एकही खाडा न करता.

ग्रुपवर पंधरा मिनिटांत तर्क सुरू झाले. दुसऱ्या सोसायटीत चोरून काम धरलंय, कुणी म्हणालं. एका भाडेकरूने, माझ्या मते चांगल्याच हेतूने, लिहिलं: ‘मी त्यांना दोन मंगळवारी कोर्टाच्या गेटजवळ पाहिलंय, काहीतरी केस असेल, जाऊ द्या.’ झालं. वेळांना जागा मिळाली. सकाळी ड्रायव्हर मंडळींच्या कट्ट्यावर तो विषय होता आणि संध्याकाळी सुतारदऱ्यात.

मजकूर झाकला की माणूस झाकला, असं आम्ही चौघं वैशालीत धरून चाललो होतो. पाकिटाच्या आतलं पत्र कुणी वाचू नये, एवढंच आम्हाला सुचत होतं. पाकीट कुणी, कुणाला, कधी, किती वेळा टाकलं, यावरूनच माणूस वाचता येतो, हे पुढे कळलं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या कागदांत पहिली मोठी बातमी हीच होती की अमेरिकी सरकार एका फोन कंपनीकडून कोट्यवधी कॉलच्या नोंदी रोज घेत होतं. संभाषणं त्यात नव्हती. नंबर, वेळ, कालावधी, एवढंच. मी तेव्हा ती बातमी वाचून हळहळले होते. माझ्या स्वतःच्या गेटवर त्याच जातीची नोंद मी नऊ वर्षांनी सुरू केली, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

खटकलं नाही याचं कारण मी स्वतःलाच बरेच दिवस विचारत होते. आम्ही ज्या चोराची वाट पाहत होतो तो मोठा होता, दूरचा होता. सरकार, गुप्तहेर, बलाढ्य कंपनी. तो तारेला कान लावून बसलेला. दोन हजार आठशे रुपये पगार देणारं घर पाळत ठेवू शकतं, हे आमच्या चित्रात नव्हतं. मालक आणि कामवाली यांच्यात आधीच जो उंचसखलपणा आहे, त्यात असली नोंद टाकली की ती उतारावरूनच वाहणार.

५८ मिनिटांच्या त्या हिशोबाबद्दलही सांगायला हवं, कारण ज्यांनी तो केला ते मला म्हणाले, ‘मी खोटं काय लिहिलं?’ आकडा बरोबर होता. पण पुण्यात घरकामाचे पैसे तासावर कधीच नव्हते. इतकी माणसं, इतकी भांडी, इतक्या खोल्यांची फरशी, असा कामाचा दर ठरतो. हात चालता असेल तर बाई लवकर उरकते, आणि तो वाचलेला वेळ तिचा असतो. १९८० साली याच शहरात घरकाम करणाऱ्या बायकांनी आपणहून संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि खाडे, सुट्ट्या, पगारवाढ यांवर रिवाज ठरत गेले. त्या रिवाजाला कुणी हात लावला नव्हता. ॲपमध्ये वेळ दिसायला लागली, म्हणून वेळ मोजली गेली, आणि मोजली म्हणून कापली गेली. त्या महिन्यात दोन घरांनी आठशे-आठशे रुपये कमी दिले आणि एका घराने काम बंद केलं.

कंपनीला विचारलेले प्रश्न

स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकायला लावला. तोवर तो किती फोनांत उतरला असेल, देव जाणे.

मग कराराची चौदा पानं पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचली आणि कंपनीला लेखी विचारलं. उत्तर तीन दिवसांत आलं, सभ्य होतं. माहिती फोनवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाताना टीएलएसने, म्हणजे वाटेवरच्या एन्क्रिप्शनने, बंद असते. सर्व्हरवर एईएस-२५६ या साठवणीच्या भक्कम कुलपाने बंद असते. मी तपासता येईल तेवढं तपासलं, सगळं खरं होतं. कुणाला दिसतं? ‘अधिकृत रहिवाशांना.’ म्हणजे सगळ्यांना. किती दिवस ठेवता? करारात मुदत नव्हती. काम सोडून गेलेल्यांचं काय? ‘निष्क्रिय’ करता येतं. निष्क्रिय म्हणजे यादीतून नाव जातं, फोटो आणि वेळा राहतात. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. मधल्या काळात वारलेल्या एका माळीकाकांचाही फोटो त्यात होता.

कुलूप वाटेला आणि तिजोरीला होतं, किल्ल्या १८७ जणांना वाटलेल्या होत्या. पुणेकरांना याचा धडा याआधी एकदा मिळालेला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. कुणी एन्क्रिप्शनचं गणित सोडवलं नव्हतं. हल्लेखोरांनी व्यवहाराला होकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती हो म्हणत गेली.

कायद्याचं काय, असं सभासद विचारत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं आहे. पण आपल्याकडचे गाजलेले वाद पाहिले तर ते बहुतेक तारेवरचे आहेत. २०१५ मध्ये केंद्राचा एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला, त्यात नागरिकांनीसुद्धा पाठवलेला मजकूर उघड्या रूपात नव्वद दिवस जपून ठेवावा असं होतं. गदारोळ झाला आणि तो लगेच मागे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांनी संदेश मुळात कुणी पाठवला ते शोधून देण्याची सक्ती केली, व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हे वाद लढायलाच हवेत, मी त्यात एन्क्रिप्शनच्या बाजूने उभी आहे. पण संगीताताईंना त्यातला एकही वाद वाचवत नव्हता. त्यांच्या उपयोगाचा होता तो ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. ज्याची माहिती, त्याला ती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. हे प्रकरण घडलं तेव्हा त्याची कलमं लागू झालेली नव्हती.

पार्किंगमधली सभा

१५ डिसेंबरला, रविवारी, विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, ६१ सभासद हजर. मी माझी चूक आधी मान्य केली आणि मग एक प्रश्न मांडला: गेटला नेमकं काय कळायला हवं? या बाईला आत यायची परवानगी आहे की नाही, एवढंच. ती कोण, किती वाजता, कुठल्या पाच घरांत, किती मिनिटं, यातलं काहीही गेट उघडायला लागत नाही.

हा विचार माझा नाही. डेव्हिड चॉम या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच तो मांडला होता. प्रत्येक व्यवहारात ओळख द्यावी लागली तर माणसाच्या आयुष्याची फाइल आपोआप तयार होईल, म्हणून ‘मला हक्क आहे’ एवढंच सिद्ध करून ‘मी कोण’ ते न सांगता पुढे जाता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते करायचं गणितही त्याने दिलं होतं. आम्ही पीजीपीवर भाळलो आणि हा भाग बाजूला राहिला. आज मागे पाहताना मला वाटतं, सुरुवातीच्या आशांमधली हीच जास्त मोलाची होती.

विरोध झाला. तो ऐकण्यासारखाही होता. ए विंगेतल्या एक आजी एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, ‘सकाळी फोन वाजतो, संगीता आली असं कळतं, मला धीर येतो. ते काढू नका गं.’ चोरी झालेल्या कुटुंबाने विचारलं, पुन्हा झालं तर पोलिसांना काय दाखवायचं? यावर तासभर गेला. वॉचमनने इंटरकॉमवरून आजींना कळवायचं, असं एक ठरलं. पाहुणे आणि डिलिव्हरीवाल्यांची नोंद पंधरा दिवस ठेवून पुसायची, हे दुसरं.

संगीताताईंना मी बोलावलं होतं. सभासद नसलेल्या व्यक्तीला बोलू द्यायचं का, यावरही दहा मिनिटं वाद झाला. शेवटी त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या म्हणतील, ते सगळं पुसून टाका. त्या म्हणाल्या, ‘पुसू नका. मला द्या.’

कुणालाच कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं: ऑगस्टमध्ये एका घराने तीन खाडे धरून पैसे कापले. तिन्ही दिवस त्या आल्या होत्या. ‘तुमच्या फोनात माझं समदं दिसतंय. माझ्या फोनात माझंच काय न्हाई. त्या येळी मला ते दावता आलं असतं तर भांडले असते.’

मी पुढे बोलायला उभी राहिले होते, ती खाली बसले. तीस वर्षांपूर्वी आम्ही किल्ली स्वतःच्या हातात असावी म्हणून जीव टाकत होतो. या बाई तेच मागत होत्या, आणि मी त्यांच्यासाठी त्यांची नोंद नष्ट करायला निघाले होते. नोंद वाईट नव्हती. ती ज्यांच्या हातात होती ते हात चुकीचे होते.

ॲपमध्ये कामवालीला तिची स्वतःची नोंद दाखवायची सोयच नव्हती. कंपनी म्हणाली, पुढच्या आवृत्तीत विचार करू. म्हणून ठराव झाला तो असा: रोज येणाऱ्यांना प्लास्टिकचा पास, त्यावर फक्त सोसायटीचा शिक्का आणि वर्ष. पास दाखवला की आत, नोंद नाही. जुन्या नोंदी पुसाव्यात. आणि प्रत्येक घरागणिक हजेरीचं कार्ड, जे कामवालीकडे राहील आणि ज्यावर रोज दोन्ही बाजूंची सही होईल. ३८ विरुद्ध १९, चार तटस्थ.

जुन्या नोंदी पुसायला दोन पत्रं आणि फेब्रुवारीपर्यंतचा काळ गेला. बॅकअपमधल्या प्रतींबद्दल ‘धोरणानुसार’ एवढंच उत्तर आलं. त्याचा पाठपुरावा अजून सोडलेला नाही. कापलेले आठशे रुपये एका घराने परत दिले, दुसऱ्याने नाही. सुटलेलं घर सुटलंच.

कार्ड

कार्डं अप्पा बळवंत चौकात छापून घेतली. गुलाबी पुठ्ठा, एकतीस चौकटी, मधे आडवी रेघ. वर घरातल्यांची सही, खाली तिची. पहिल्या महिन्यात निम्म्या घरांनी कंटाळा केला. संगीताताईंनी मात्र रोज पदर खोचून, हात पुसून, ओट्यावर कार्ड पुढे केलं. ‘सही करा वैनी.’ करावीच लागायची.

मार्चमध्ये एका घराने दोन खाडे म्हटले. त्यांनी पर्समधली प्लास्टिकची पिशवी उघडली, कार्ड काढलं आणि त्या बाईंच्याच दोन सह्या त्यांना दाखवल्या. पैसे पूर्ण मिळाले. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही त्यांनी स्वतःहून जिन्यात सांगितलं म्हणून.

कोर्टाचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलेलं नाही. मंगळवारी त्या किती वाजता येतात आणि किती वाजता जातात, मला माहीत नाही.